नांदूरचे पाहुणे

थंडी पडली की नाशिक जिल्ह्यात नांदूर मध्यमेश्वरला पाहुणे येतात. तिथं गोदावरीला कादवा मिळते. पुढं बंधारा आहे. गाळ साठून पाणी उथळ झालं, पाखरांची सोय झाली.

आम्ही पहाटे गेलो. धुकं होतं. आधी आवाज आला, मग हंस दिसले. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे! नाव पट्टकदंब. तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात.

शेजारी एक म्हातारे शेतकरी उभे होते. म्हणाले, "तुम्हांला गंमत वाटते. रात्री माझा हरभरा खातात ना!"

खरं आहे. कोवळं पीक ते खातात. पण १९७२ च्या कायद्यानं शिकारीला बंदी आहे.

"मग बाबा, काय करता?"

"रात्री डबा वाजवतो. सकाळी इथं येऊन बघतो."