मानेवरचा मळ आणि दोन तासांनंतरची साखर



मागच्या पावसाळ्यात अक्राणी तालुक्यातील एका पाड्यावर आपले आरोग्य शिबिर होते. एक पावरा बाई मानेभोवती पदर घट्ट गुंडाळून कोपऱ्यात बसली होती. वय चोवीस, अंगाने सडपातळ, लग्नाला सहा वर्षे होऊनही मूल नाही. पाळी तीन-तीन महिने येत नसे. पदर सरकवला तर मानेची कातडी काळी, जाडसर, मखमलीसारखी. "दगडाने घासते, ताई. मळ निघतच नाही," ती म्हणाली. सासू तिला घाणेरडी म्हणत असे.

तो मळ नव्हता. शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासे झाले की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडते. ते वाढलेले इन्सुलिन अंडाशयांना जास्त पुरुषी संप्रेरके तयार करायला लावते, पाळी बिघडते, आणि मानेवर, काखेत कातडी अशी काळवंडते. पीसीओएस असलेल्या पुष्कळ स्त्रियांत हे आढळते, बारीक अंगाच्या स्त्रियांतही. पोटाचा घेर 80 सेंटीमीटरच्या वर असेल तर शंका आणखी बळावते. टेप आणि डोळे, एवढ्यावर अर्धे काम होते.

इथे एक कबुली द्यायला हवी. सुरुवातीला आम्ही आपल्या देणगीतून उपाशीपोटी इन्सुलिनची तपासणी करून घेत होतो. ती महाग, प्रयोगशाळेगणिक आकडा वेगळा, आणि त्यावरून उपचार काही बदलत नसे. पीसीओएसविषयीची 2023 ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वेही रोजच्या उपचारात ही तपासणी करू नये असेच सांगतात. आपला पैसा तिथे वाया गेला, याचे मला वाईट वाटते.

खरा प्रश्न असतो साखरेचा. त्यासाठी रात्रभर उपाशी राहून रक्त द्यायचे, मग 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचे आणि दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचे. दुसरा आकडा 140 च्या आत हवा. 140 ते 199 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, 200 किंवा वर म्हणजे बहुधा मधुमेहच. ते पाणी इतके गोड असते की काहींना उलटी होते, आणि उलटी झाली की तपासणी फुकट. दोन तास बसून राहायचे म्हणजे शेतावरचा खाडा. म्हणून आम्ही सकाळी सातलाच सुरू करतो. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची, म्हणजे एचबीएवनसीची, तपासणी सोपी असते खरी. पण सातपुड्यात सिकलसेल आणि रक्तक्षय दोन्ही आहेत, आणि अशा रक्तात तो आकडा फसवा येऊ शकतो.

या बाईची उपाशीपोटीची साखर 92 आली. याआधी एका दवाखान्याने एवढीच तपासणी करून "सगळे नॉर्मल आहे" म्हणत तिला दोनदा परत पाठवले होते. दोन तासांनंतरची साखर आली 171. दिवस राहिले असते तर बाळाच्या आणि तिच्या जिवाला त्रास झाला असता, आणि कोणाला कारणही कळले नसते.

थायरॉईडची तपासणी आणि सोनोग्राफी करून डॉक्टरांनी पीसीओएसचे निदान पक्के केले, गोळ्या सुरू केल्या, जेवणातला भात कमी करून भगर-ज्वारी वाढवायला सांगितली. सासूला मी शेजारी बसवून मानेचे कारण दोनदा समजावले. ती काही बोलली नाही, पण तो दगड तिनेच बाहेर टाकला, असे सून सांगत होती. पुढच्या तपासणीला ती धाकट्या नणंदेलाही आणणार आहे. तिचीही मान काळी आहे.