ग्रंथमालेची नोंद : बुलढाण्याची दोन गॅझेटिअरे

बुलढाणा जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटिअर १९१० साली मध्य प्रांत व वऱ्हाडच्या जिल्हा गॅझेटिअर मालेत, तर १९७६ साली महाराष्ट्र राज्य गॅझेटिअर मालेत प्रसिद्ध झाले. दोन्ही मालांत अकोल्याचाही स्वतंत्र ग्रंथ आहे. बुलढाण्याच्या ग्रंथावरून अकोल्याच्या ग्रंथापर्यंत अभ्यासकाला पोहोचविते ती मालेची नोंद.

मार्क आराखड्यात ही नोंद दोन ठिकाणी होते. ४९० या क्षेत्रात मालेचे नाव ग्रंथावर छापल्याप्रमाणे लिहितात; ८३० मध्ये ग्रंथालयाने निश्चित केलेल्या एकाच रूपात. पहिली नोंद ग्रंथाची ओळख जपते, दुसरी मालेतील सर्व ग्रंथ एकत्र आणते. दुसरी राहून गेल्यास, शेजारच्या जिल्ह्याचा ग्रंथ कपाटात असूनही वाचकाच्या दृष्टीआड राहतो.

स्वाध्याय : आपल्या ग्रंथालयातील एखाद्या ग्रंथमालेच्या दोन ग्रंथांच्या नोंदी ताडून पाहा.