ओव्हरड्राइव्ह : पळायचं केव्हा, ओढायचं केव्हा?

'ओव्हरड्राइव्ह' हा शब्दच असा दणदणीत आहे की तो गिअर पडला म्हणजे गाडीत जादा ताकद येत असणार, असं वाटतं. हॉस्टेलवर मी ही समजूत मेकॅनिकलच्या मुलांकडूनही ऐकली आहे. प्रत्यक्षात प्रकार उलटा आहे. ओव्हरड्राइव्हमध्ये गिअरबॉक्सचा आउटपुट शाफ्ट इंजिनपेक्षा जास्त वेगाने फिरतो, आणि पॉवर तीच असल्यामुळे टॉर्क त्याच प्रमाणात घटतो. आपल्याकडच्या पाच गिअरच्या गाड्यांतला पाचवा गिअर बहुधा ओव्हरड्राइव्हच असतो. पण या विषयाची खरी गंमत अमेरिकन पिकअप ट्रकमध्ये आहे. तिथे एकाच ऑटोमॅटिक गिअरबॉक्सकडून आठवडाभर ट्रेलर ओढून घेतात आणि रविवारी तोच ट्रक ड्रॅग स्ट्रिपवर पळवतात.

थोडा इतिहास. जनरल मोटर्सचा टर्बो ४०० हा १९६४च्या मॉडेल्सपासून आलेला दणकट गिअरबॉक्स. गिअर तीनच : २.४८, १.४८ आणि १.००. पुढे १९७३चं तेलसंकट आलं, १९७५ साली मायलेजचा कायदा झाला आणि हायवेवर इंजिन उगाच जास्त फिरवणं कंपन्यांना परवडेना. फोर्डने १९८० साली एओडी काढला (चौथा गिअर ०.६७), तर जनरल मोटर्सने १९८२ साली ७००आर४ (०.७०). टर्बो ४००च्याच कुळातला ४एल८०-ई १९९१ साली आला. त्यात जुन्या तीन गिअरच्या पुढे ०.७५चा एक ओव्हरड्राइव्ह संच जोडला आहे.

हा संच म्हणजे आपण टीओएमच्या जर्नलमध्ये काढतो तीच एपिसायक्लिक गिअर ट्रेन. मधोमध सन गिअर, भोवती प्लॅनेट, बाहेर रिंग. इनपुट कॅरिअरला द्यायचा, सन केसिंगला घट्ट धरायचा आणि आउटपुट रिंगवरून घ्यायचा. समजा सनला २४ दाते आणि रिंगला ७२. मग कॅरिअरच्या एका फेऱ्यात रिंग १ + २४/७२, म्हणजे १.३३ फेरे फिरते. रेशो ७२/९६ = ०.७५. सन धरून ठेवणाऱ्या क्लचवर इनपुट टॉर्कचा फक्त पाव हिस्सा येतो, हेही त्याच आकडेमोडीतून निघतं. व्हायवाला एक्स्टर्नल हमखास विचारतात की सन सोडून दिला तर काय होईल? तर तो मोकळा फिरेल आणि आउटपुटला काहीच मिळणार नाही. म्हणून खालच्या तीन गिअरमध्ये सन आणि कॅरिअर एकमेकांना जखडतात, म्हणजे अख्खा संच एका तुकड्यासारखा फिरतो.

७००आर४ची रचना वेगळी. त्यात निराळा संच नाही. २-४ बँड दुसऱ्या आणि चौथ्या गिअरला लागतो, ३-४ क्लच तिसऱ्या आणि चौथ्याला. दोन्ही एकदम लागले की ओव्हरड्राइव्ह. जागा वाचते, पण त्या ३-४ क्लचवर भार फार पडतो. ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकचा हा गिअरबॉक्स उघडला की पहिला जळालेला सापडतो तो बहुधा हाच.

आता ओढण्याकडे येऊ, कारण खरं नुकसान इथे होतं. ३१ इंची टायर, डिफरन्शियल ३.७३ आणि वेग ताशी १०० किलोमीटर घ्या. चाक मिनिटाला ६७४ फेरे करतं. डायरेक्ट म्हणजे तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन सुमारे २५१० आरपीएमवर, ओव्हरड्राइव्हमध्ये १७६०वर. रिकाम्या ट्रकला हे झकास. आता मागे ट्रेलर लावा. एकूण वजन ४५०० किलो आणि ३ टक्के चढ. नुसत्या चढालाच ३७ किलोवॅट लागतात. वारा आणि टायरचं घर्षण धरून ८० मानू. ८० किलोवॅटसाठी तिसऱ्यात इंजिनला सुमारे ३०५ न्यूटन-मीटर द्यावे लागतात आणि चौथ्यात ४३५. नव्वदच्या दशकातल्या ५.७ लिटर शेव्हर्ले व्ही-८चा कमाल टॉर्क ४५०च्या आसपास, आणि तोही २८०० आरपीएमला! म्हणजे चौथ्यात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबूनही इंजिन धापा टाकणार.

मग गिअरबॉक्स काय करतो? तिसरा टाकतो. वेग सावरला, पाय थोडा उचलला की परत चौथा. पुन्हा चढ, पुन्हा तिसरा. याला तिकडे 'हंटिंग' म्हणतात. दरवेळी क्लच घसटतो, आणि टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप सुटतो. लॉक नसताना ४३५ न्यूटन-मीटरच्या भाराखाली टर्बाइन इंजिनच्या ३०० आरपीएम मागे राहिला, तर १३-१४ किलोवॅट सरळ तेलात उष्णता म्हणून जातात. आपल्या बादलीत टाकायच्या दीड किलोवॅटच्या नऊ कॉइल एकदम लावल्यासारखं! (रेक्टर सरांनी एवढ्या कॉइल एका वेळी जप्तसुद्धा केल्या नसतील.) वर्कशॉपमधला जुना ठोकताळा असा की ८० अंश सेल्सिअसच्या वर दर ११ अंशांना गिअर ऑइलचं आयुष्य निम्मं होतं. लाल तेल तपकिरी झालं, जळका वास आला की समजावं.

म्हणून 'ओव्हरड्राइव्ह ऑफ' हे बटण असतं. नंतरच्या ट्रकमध्ये 'टो-हॉल' मोड आला. त्यात वरचा गिअर उशिरा पडतो आणि उतारावर खालचा गिअर धरून ठेवला जातो. माझ्या मते बटण दाबायचा आळस हे इथलं सर्वात महागडं मायलेज आहे. सपाट रस्ता, हलका ट्रेलर आणि कन्व्हर्टर लॉक राहत असेल तर ओव्हरड्राइव्ह खुशाल वापरावा. गिअर सारखा वरखाली व्हायला लागला की बंद.

उतारावर तर प्रश्न जिवाचा होतो. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे आपले ट्रक ड्रायव्हर शिकाऊ क्लीनरला पहिल्यांदा सांगतात. ४५०० किलो वजन ३०० मीटर खाली आणायचं म्हणजे १३ मेगाज्यूलहून अधिक ऊर्जा कुठेतरी घालवावी लागते. ओव्हरड्राइव्हमध्ये इंजिन सावकाश फिरतं, त्याचा रोध चाकापर्यंत कमी पोचतो आणि ती ऊर्जा ब्रेकच्या माथी बसते. ब्रेक तापले की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही.

रेसिंगचं गणित निराळं. ४०२ मीटरच्या ड्रॅग स्ट्रिपवर बहुतेक ट्रक शेवटची रेषा डायरेक्टमध्येच ओलांडतात. चौथा टाकला की ५५०० आरपीएम एकदम ३८५०वर उतरतात आणि चाकावरचा जोर कमी होतो. मग ओव्हरड्राइव्हचा उपयोग काय? घरी जायला! थट्टा नाही. ओव्हरड्राइव्ह असल्यामुळे डिफरन्शियल ३.७३ऐवजी ४.१० बसवता येतो. सुटताना जोर मिळतो, आणि परतीच्या हायवेवर ४.१० × ०.७० = २.८७ एवढाच एकूण रेशो राहतो. दुसरीकडे ७००आर४चा पहिला ३.०६ आणि दुसरा १.६३. या उडीत ५५०० आरपीएम २९३०पर्यंत कोसळतात. टर्बो ४००मध्ये ते ३२८०वर थांबतात. म्हणून निव्वळ रेसवाले अजूनही बिनाओव्हरड्राइव्हचा जुना टर्बो ४०० पसंत करतात.

एक गोष्ट मात्र पुष्कळांच्या नजरेतून सुटते. ओव्हरड्राइव्हने इंजिनचे फेरे घटतात, प्रॉपेलर शाफ्टचे नाही. ते फक्त वेग, टायर आणि डिफरन्शियलवर ठरतात. ४.१० डिफरन्शियलने ताशी १६० किलोमीटरला शाफ्ट मिनिटाला ४४२० फेरे करतो, मग गिअर कुठलाही असो. लांब पिकअपचा शाफ्टही लांब, आणि व्हर्लिंगचा क्रिटिकल स्पीड लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घसरतो. म्हणून लांब ट्रकमध्ये दोन तुकड्यांचा शाफ्ट आणि मध्ये बेअरिंग देतात, आणि ड्रॅग रेसिंगमध्ये शाफ्टच्या पुढच्या टोकाभोवती पोलादी कडं बसवतात. पुढचा युनिव्हर्सल जॉइंट तुटला तर शाफ्ट त्या कड्यात अडकतो, जमिनीत रुतून गाडी उलटवत नाही.