मधल्या सुट्टीतील सकस खाऊ : एका उद्योगकल्पनेचा अभ्यास

भांडवल, खर्च, नफा हे शब्द वर्गात शिकवावयाचे असले की आम्ही मधल्या सुट्टीतील खाऊचे उदाहरण घेतो. त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. शाळेच्या फाटकाबाहेरील टपरीवर पाच रुपयांची पाकिटे लटकत असतात. ती कोण घेते आणि का घेते, हे प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. आई पहाटेच मजुरीला गेलेली असते, घरून डबा आलेला नसतो आणि हाती पाच रुपये असतात. त्या पाकिटाने भूक तेवढ्यापुरती मरते, परंतु शरीराच्या वाट्याला मुख्यतः पीठ, तेल आणि मीठच येते.

या पाकिटाच्या जागी सकस खाऊ देणारा आणि तो करणाऱ्या स्त्रीला रास्त मजुरी देणारा एखादा छोटा उद्योग उभा राहू शकेल काय? प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाची पायरीपायरीने मांडणी करीत आहोत. नववी-दहावीचे विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि माता-पालकांचे बचत गट हे आमचे अपेक्षित वाचक आहेत.

ताट कोठे संपते?

कोणत्याही उद्योगाचा आरंभ गरजेच्या शोधाने होतो. येथे तो शोध इतिहासातून घ्यावा लागतो. १९२० च्या दशकात मद्रास महापालिकेने आपल्या शाळांतून मुलांना जेवण देण्याचा प्रयोग केला. पुढे के. कामराज यांनी मुख्यमंत्री असताना १९५६ च्या सुमारास त्यास राज्यव्यापी रूप दिले आणि १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी त्याचा मोठा विस्तार केला. देशपातळीवरील योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली, परंतु बहुतेक राज्यांत मुलांच्या हाती शिजविलेले अन्न न येता महिन्याकाठी कोरडे धान्य येत असे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेलेच अन्न देण्याचा आदेश दिला. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने त्या ताटाला हक्काचे अधिष्ठान मिळाले. २०२१ पासून ही योजना ‘पीएम पोषण’ या नावाने चालते.

या ताटाचे माप ठरलेले आहे. पहिली ते पाचवीच्या मुलास दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी मिळावी, त्यातून ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा निकष आहे. सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, तसेच ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने हे प्रमाण आहे.

हा हक्क शासकीय व अनुदानित शाळांतील आठवीच्या वर्गापर्यंतच आहे. नववीत पाऊल टाकताच ते ताट संपते. निवासी विद्यार्थ्यांना भोजनगृह असते, परंतु गावावरून ये-जा करणाऱ्या नववी-दहावीच्या मुलांना शाळेत काहीच मिळत नाही. ज्या वयात शरीराची वाढ झपाट्याने होते, नेमक्या त्याच वयात ही पोकळी निर्माण होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. वर्गात पेंगणारी मुलगी आळशीच असते असे नाही, हे आम्हा शिक्षकांनी ध्यानी ठेवावयास हवे.

येथे एक मर्यादा प्रारंभीच आखून घेतली पाहिजे. आठवीपर्यंतचे ताट हा हक्क आहे आणि तो पुरविणे हे शासनाचे कर्तव्य आहे. आपला उद्योग त्या ताटाला पर्याय म्हणून उभा राहू नये. ते ताट निकृष्ट येत असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत प्रश्न विचारावा. आपण विचार करावयाचा तो हक्काची हद्द जेथे संपते तेथून पुढचा.

पदार्थाची निवड

पदार्थ निवडताना चार कसोट्या लावाव्यात. तो पौष्टिक असावा, मुलांना आवडावा, स्थानिक जिन्नसांतून व्हावा आणि शाळेत पोहोचेपर्यंत टिकावा. या कसोट्यांना उतरणारी एक जोडी आम्ही सुचवितो. ती म्हणजे मोड आलेल्या मटकीची उसळ आणि नाचणी-शेंगदाण्याचा लाडू.

१०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. सडलेल्या पांढऱ्या तांदळात ते नाममात्रच असते. मटकी आणि शेंगदाणा हे प्रथिनांचे आपल्या आवाक्यातील साधन आहे. उसळीवर लिंबू पिळले की त्यातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह शरीरात अधिक शोषले जाते. याउलट खाण्यासोबत चहा घेतल्यास ते शोषण घटते. गुळाविषयी मात्र भाबडेपणा नको. गूळही साखरेचाच प्रकार आहे, म्हणून तो लाडू वळण्यापुरताच घालावा.

एका विद्यार्थ्यासाठी कोरडी मटकी ३० ग्रॅम, नाचणी १२ ग्रॅम, शेंगदाणे १० ग्रॅम आणि गूळ ८ ग्रॅम धरल्यास सुमारे २२५ कॅलरी आणि १० ग्रॅम प्रथिने मिळतात. हे पूर्ण जेवण नव्हे, परंतु मधल्या सुट्टीचा सकस खाऊ निश्चितच आहे.

हिशेब

सदिच्छेने सुरू झालेले उपक्रम बहुधा हिशेबाअभावी बंद पडतात. म्हणून पुढील उदाहरण वहीत उतरवून घ्यावे. त्यातील भाव आम्ही गृहीत धरलेले आहेत. आपल्या बाजारातील भाव घालून प्रत्येकाने ते पुन्हा सोडवावे.

मटकी १२० रुपये किलो धरल्यास ३० ग्रॅमचे ३ रुपये ६० पैसे होतात. नाचणी ५० रुपये किलोने ६० पैसे, शेंगदाणे १४० रुपये किलोने १ रुपया ४० पैसे आणि गूळ ६० रुपये किलोने ४८ पैसे. लिंबू, कोथिंबीर, मीठ यांचे ५० पैसे व इंधनाचे ७० पैसे मिळवावेत. एका वाटपाचा हा खर्च ७ रुपये २८ पैसे झाला. मुले वाढली की हा खर्च वाढतो, म्हणून यास बदलता खर्च म्हणतात.

आता स्थिर खर्च पाहू. दोन स्त्रियांची अर्ध्या दिवसाची मजुरी प्रत्येकी २५० प्रमाणे ५०० रुपये, आणि वाहतूक व भांड्यांची झीज ७२ रुपये, असे दिवसाचे ५७२ रुपये होतात. मुले ६० असोत वा १००, हा खर्च टळत नाही.

विक्रीची किंमत १५ रुपये ठेवली तर १०० मुलांमागे १५०० रुपये जमा होतात, खर्च १३०० रुपये येतो आणि दिवसाला २०० रुपये शिल्लक राहतात. मुले ६०च आली तर मात्र दिवसाला सुमारे १०९ रुपये तोटा होतो. ना नफा ना तोटा हा बिंदू कोठे आहे? किंमत १५ रुपये उणे बदलता खर्च ७ रुपये २८ पैसे, म्हणजे प्रत्येक वाटपामागे ७ रुपये ७२ पैसे उरतात. त्याने ५७२ ला भागले असता उत्तर ७४ च्या किंचित पुढे जाते. याचा अर्थ, ७५ मुलांची खात्री झाल्याविना हा उद्योग सुरू करू नये. भांडी, शेगडी, डबे यांसाठी २०,००० रुपये भांडवल लागले असे मानले, तर १०० मुले असताना महिन्याच्या २२ दिवसांत ४,४०० रुपये उरतील आणि पाचव्या महिन्यात भांडवल वसूल होईल. दिवाळीची व उन्हाळ्याची सुट्टी यात धरलेली नाही. त्या काळात लाडू गावात व आठवडी बाजारात विकण्याची सोय हवी.

या हिशेबात मजुरी शून्य धरण्याचा मोह अनेकांना होतो. ‘घरच्याच बायका आहेत’ असे म्हणून श्रम फुकट मोजले जातात. शालेय पोषण आहार शिजविणाऱ्या स्त्रियांचे मानधन २००९ मध्ये केंद्राच्या निकषाने महिना १००० रुपये ठरले आणि राज्यांनी भर घातली तरी ते आजही तुटपुंजेच आहे. मुलांचे आरोग्य त्यांच्या आयांच्या फुकट श्रमावर उभे करणे न्याय्य नाही. मजुरी वगळून जो उद्योग फायद्यात दिसतो, तो वस्तुतः तोट्यातच असतो.

पंधरा रुपये कोणाकडे आहेत?

महिन्याला २२ दिवस धरले तर एका मुलाचे ३३० रुपये होतात. ज्या घरासाठी आपण हा विचार करीत आहोत, त्याच घराला ते जड जातील. या अडचणीचे उत्तर हिशेबातच शोधावे लागते. १०० पैकी १० मुलांना निम्म्या किमतीत खाऊ दिला तर दिवसाची शिल्लक २०० वरून १२५ रुपयांवर येते. भांडवल पाचव्याऐवजी आठव्या महिन्यात वसूल होते, एवढाच फरक. माजी विद्यार्थी संघाने काही मुलांचा भार उचलल्यास तोही राहणार नाही. मात्र सवलत कोणास आहे हे वर्गात कळता कामा नये. कूपन सर्वांना एकाच रंगाचे असावे, डबा एकसारखा असावा आणि रांग एकच असावी.

स्वच्छता आणि नोंदणी

१६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यातील गंडामन येथे शाळेतील जेवणात कीटकनाशक मिसळले गेल्याने २३ बालके मृत्युमुखी पडली. अन्नाच्या कामात निष्काळजीपणास क्षमा नसते, हे ती घटना सांगते. म्हणून फवारणीच्या औषधांचा डबा किंवा बाटली स्वयंपाकघराच्या जवळपासही नसावी. बुरशी आलेला वा काळपट शेंगदाणा टाकून द्यावा. मोड आलेली मटकी कच्ची न देता वाफवून द्यावी व चार तासांच्या आत संपवावी. शेंगदाणा सोसत नाही अशा मुलांची नोंद ठेवावी. वाटपापूर्वी एका मोठ्या माणसाने चव घ्यावी.

खाद्यपदार्थ विकण्यासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी आवश्यक असते. छोट्या व्यावसायिकास परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरते. याच प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार मेद, मीठ व साखर अधिक असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकण्यास मनाई आहे. परंतु पाकिटे हटविली आणि त्या जागी दुसरे काही दिले नाही, तर मुले ५१ व्या मीटरवर जातील. त्यासाठीही हा उद्योग हवा.

कोणाच्या हातचे?

अन्नाच्या व्यवसायात आपल्या देशात आणखी एक प्रश्न असतो, आणि तो अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही. पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झालेल्या गंगाराम कांबळे यांना राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढून दिले. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः तेथे थांबून चहा घेऊ लागले व सोबतच्या मंडळींनाही पाजू लागले. भांडवल आणि चव असूनही केवळ जातीपायी धंदा बसू शकतो, हे महाराजांनी ओळखले होते. २० एप्रिल २००४ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने शाळेतील स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमातींना प्राधान्य द्यावे असे म्हटले, त्यामागेही हीच जाण होती. आपल्या गटात सर्व समाजांतील स्त्रिया असाव्यात आणि पहिल्या दिवशी मुख्याध्यापक व शिक्षकांनी मुलांच्या रांगेत बसून हा खाऊ घ्यावा, असे आम्हास वाटते.

उद्योग मोठा करण्याची घाई नसावी. आधी पंधरा दिवस ३० मुलांसाठी प्रयोग करावा. तो तोट्यात जाईल हे धरून त्याची रक्कम बाजूला काढावी. डब्यात काय उरले ते रोज वजन करून लिहावे. मुले उसळ टाकत असतील तर त्यांना बोल न लावता फोडणी बदलावी. ही नोंदवही हेच या उद्योगाचे खरे भांडवल होय.

स्वाध्याय

१. आपल्या शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत कोणते खाद्यपदार्थ मिळतात, याची यादी करा.
२. मटकीचा भाव १५० रुपये किलो झाल्यास ना नफा ना तोटा होण्यासाठी किती मुले लागतील?
३. आपल्या भागात नाचणी पिकत नसल्यास ज्वारी किंवा बाजरीपासून कोणता पदार्थ करता येईल? त्याचा असाच हिशेब मांडा.
४. घरातील स्त्रियांच्या एका दिवसाच्या श्रमाचे मोल मजुरीच्या दराने काढा आणि ते घरी वाचून दाखवा.