लिटरचा हिशेब

डिलाईल रोड, मुंबई

चि. ओंकार,


तू पाठवलेले दोन आकडे माझ्यासमोर आहेत. मारुतीची ग्रँड व्हिटारा स्ट्राँग हायब्रिड घेतली तर लिटरला २७.९७ किलोमीटर, आणि तीच गाडी नेहमीच्या इंजिनाची, ऑटोमॅटिक घेतली तर २०.५८. शोरूममधला माणूस म्हणतो की पेट्रोल चौथ्या हिश्शाने वाचेल. तुझा मित्र म्हणतो की हे सगळे कागदावरचे आकडे, मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये कुठलीच गाडी तेवढं ॲव्हरेज देत नाही, तेव्हा हायब्रिडसाठी जास्त पैसे मोजणं म्हणजे वेडेपणा. मित्राच्या म्हणण्यातला पहिला भाग खरा आहे, पण त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. माझं मत असं की कंपनीचा आकडा ॲव्हरेज वाढवून सांगतो, पण आपल्यासारख्या रस्त्यावरची बचत मात्र कमी करून सांगतो. हे ऐकायला उलटं वाटेल, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तो आकडा येतो कुठून ते पाहा. गाडी रस्त्यावर न नेता प्रयोगशाळेत रोलरवर चढवतात आणि ठरवून दिलेल्या वेगाच्या आलेखाप्रमाणे चालवतात. ही चाचणी ११८० सेकंदांची, म्हणजे वीस मिनिटांहूनही थोडी कमी. तेवढ्यात गाडी साधारण साडेदहा किलोमीटर जाते, सर्वाधिक वेग ताशी ९० आणि सरासरी वेग ताशी बत्तीसच्या आसपास. एसी बंद असतो. खड्डा नाही, पाऊस नाही, मागच्या सीटवर माणसं नाहीत. पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेचं नाव त्या आकड्याला चिकटलेलं असतं, म्हणून लोक ते वचन समजतात आणि पुढे फसवणूक झाल्यासारखे चिडतात. ते वचन नाही. सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा द्यायला लावून त्यांची आपसांत तुलना करता यावी, एवढाच तिचा हेतू. प्रश्न असा की ही परीक्षा आपल्या रस्त्यासारखी आहे का.

आपला रस्ता तुला माहीत आहे. गिरणीचा कामगार चाळीतून निघून पायी गिरणीच्या दारात पोचे, अशा काळातला हा रस्ता. आज त्याच गिरण्यांच्या जागेवर कमला मिल आणि फिनिक्सची ऑफिसं आणि मॉल उभे आहेत, आणि तिथे येणारी माणसं मोटारीने येतात. रस्ता मात्र तेवढाच राहिला. लोअर परळचा पूल २०१८ च्या जुलैत बंद झाला, तो पूर्णपणे खुला व्हायला २०२३ चा नोव्हेंबर उजाडला. मग २०२५ च्या सप्टेंबरात प्रभादेवीचा पूल पाडण्यासाठी बंद केला, तेव्हा तिकडची वाहनं पुन्हा आपल्या पुलावर, करी रोडला आणि दादरच्या टिळक पुलावर आली. संध्याकाळी करी रोड स्टेशनपासून लोअर परळच्या पुलापर्यंत गाडी ताशी बत्तीसच्या जवळपासही जात नाही. थांबते, दोन गाड्यांइतकी पुढे सरकते, पुन्हा थांबते.

आता अशा सरकण्यात साध्या पेट्रोल गाडीचं काय होतं ते बघ. गाडी उभी असली तरी इंजिन फिरतच असतं, एसीही त्याच्याच जिवावर चालतो. नुसत्या उभ्या गाडीत तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल सहज जातं, आणि त्या काळात कापलेलं अंतर शून्य. पेट्रोल इंजिनाची प्रकृती अशी की मध्यम ओझ्याखाली ते इंधनाचा चांगला उपयोग करतं आणि अगदी हलक्या ओझ्याखाली फार वाईट. दीड लिटरच्या इंजिनाला रांगायला लावणं म्हणजे त्याच्याकडून त्याला सर्वांत न जमणारं काम करून घेणं. त्यातून थोडा वेग मिळवलाच, तर पुढच्या क्षणी ब्रेक दाबून तो ब्रेकच्या उष्णतेत घालवायचा. म्हणजे पेट्रोल तीन ठिकाणी वाया जातं: उभं राहण्यात, रांगण्यात आणि थांबण्यात.

स्ट्राँग हायब्रिडची सगळी रचना नेमकी या तीन जागांवर बसवलेली आहे. गाडी थांबली की इंजिन बंद. पहिली काही पावलं विजेची मोटर गाडी ओढते. ब्रेक हलका दाबलास तर तीच मोटर जनरेटर होते आणि वेगातली शक्ती बॅटरीत परत भरते. आणि इंजिन चालू झालंच तर ते आपल्याला मानवेल अशा ओझ्यावर चालतं, उरलेली शक्ती बॅटरीत साठवतं आणि पुन्हा गप्प होतं. या गाड्यांमधलं इंजिनही ॲटकिन्सन पद्धतीचं असतं. त्यात पेटलेल्या वायूला पसरायला अधिक वाव मिळतो, त्यामुळे त्याच पेट्रोलमधून जास्त काम निघतं. सुटताना ते इंजिन जरा कमजोर पडतं, म्हणून ते एकटं गाडीत बसवणं अवघड होतं, पण सुटतानाच जिचा जोर जास्त असतो ती मोटर सोबत आली आणि ती अडचण सुटली. टोयोटाने १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये प्रियस विकायला काढली तेव्हापासून हे तत्त्व रस्त्यावर सिद्ध होत आलं आहे. मला त्यातली ही काटकसर मनापासून आवडते. नवी शक्ती कुठून आणलेली नाही, जी वाया जात होती तीच वाचवलेली आहे.

यातूनच माझा मूळ मुद्दा निघतो. २००८ साली ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या दोघांनी ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवून दिलं की ॲव्हरेजच्या आकड्यावरून माणसं बचतीचा अंदाज हमखास चुकवतात. आपण लिटरला किती किलोमीटर विचारतो, पण खिशातून जातात ते लिटर. म्हणून १०० किलोमीटरला किती लिटर लागले असा हिशेब कर. प्रयोगशाळेतल्या आकड्यांवर नेहमीच्या गाडीला १०० किलोमीटरला ४.८६ लिटर लागतात आणि हायब्रिडला ३.५८. फरक सव्वा लिटरच्या जरा वर. आता उदाहरणादाखल धर की आपल्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून नेहमीची ऑटोमॅटिक १० चं ॲव्हरेज देते आणि हायब्रिड १८ चं. हायब्रिडचा २७.९७ चा आकडा १८ वर घसरला, म्हणजे तुझ्या मित्राच्या भाषेत कंपनी खोटी ठरली. पण १०० किलोमीटरला एकीकडे १० लिटर लागले आणि दुसरीकडे साडेपाच. फरक जवळपास साडेचार लिटरचा, म्हणजे प्रयोगशाळेत दिसला त्याच्या तिपटीहून जास्त. दोन्ही गाड्या कागदापेक्षा वाईट चालल्या, आणि तरी बचत वाढली, कारण वाया जाण्याजोगं पेट्रोलच वाढलं होतं. पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलबद्दल तू विचारलं होतंस. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं उतरतं हे खरं, पण ते दोन्ही गाड्यांचं उतरतं.

तू म्हणशील की ऑक्टोबरच्या उन्हात एसी लावून उभं राहिलं की हायब्रिडचंही इंजिन सुरू होतं. होतं, आणि व्हायलाच हवं. त्या गाडीची बॅटरी जेमतेम ०.७६ युनिटची, आणि तीही पूर्ण रिकामी होऊ दिली जात नाही. कडक उन्हात एसी ती काही मिनिटांत उतरवतो, मग इंजिन सुरू होऊन ती भरतं आणि पुन्हा बंद होतं. फरक असा की साध्या गाडीचं इंजिन त्या वेळात सलग आणि जवळजवळ रिकामं फिरत असतं, इथे ते थोडा वेळ पण कामाच्या ओझ्याखाली चालतं. लालबागच्या बाजारापर्यंत दीड किलोमीटर जाऊन यायचं असेल तर मात्र हायब्रिडकडून फार आशा धरू नकोस. सुरुवातीची काही मिनिटं इंजिनाला तापण्यासाठीच चालावं लागतं, आणि तेवढ्यात आपला प्रवास संपलेला असतो.

हायवेचा आक्षेप याहून वजनदार आहे. अटल सेतूवर किंवा पुण्याच्या एक्स्प्रेसवेवर एकसारख्या वेगाने जाताना थांबणं नाही, रांगणं नाही, ब्रेकही क्वचित. तिथे साधं इंजिनसुद्धा चांगल्या ओझ्यावर चालतं, मग हायब्रिडने वाचवायचं काय? थोडं वाचतं, ते इंजिनाच्या पद्धतीमुळे. घाट उतरताना बॅटरी भरते हे खरं, पण एवढीशी बॅटरी खंडाळ्याच्या उताराचा पहिला भाग संपेपर्यंतच भरून जाते आणि पुढची सगळी शक्ती पूर्वीसारखीच वाया जाते. म्हणून ज्याचं आयुष्य पुणे-नाशिकच्या वाऱ्यांत जातं त्याला मी हा सल्ला देणार नाही.

आता पैशांकडे ये. सारख्या सोयींच्या दोन गाड्यांत ऑन-रोड पावणेदोन लाखांचा फरक धर. तुलना ऑटोमॅटिकशीच कर, कारण हायब्रिडमध्ये क्लच दाबायचा नसतो, आणि त्या सुखाची किंमत हायब्रिडच्या नावावर लावणं बरोबर नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरहून लांब हायब्रिडवर ४० टक्के जीएसटी आहे, म्हणजे तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल गाडीइतकाच. विजेच्या गाडीवर ५ टक्के. रोड टॅक्सही किमतीच्या टक्क्यांत बसतो, त्यामुळे मूळ किमतीतला फरक रस्त्यावर येईपर्यंत आणखी वाढतो. मुंबईत पेट्रोल लिटरला शंभराच्या वर आहे, पण हिशेबाला शंभरच घेऊ. वर्षाला १२ हजार किलोमीटर असं ट्रॅफिकमधलं चालणं असेल तर साधारण ५३ हजार रुपये वाचतात आणि जादा दिलेले पैसे सव्वातीन वर्षांत परत येतात. वर्षाला ६ हजारच झाले तर साडेसहा वर्षं. आणि तेच १२ हजार सगळे हायवेवर, १८ विरुद्ध २२ च्या ॲव्हरेजने झाले, तर चौदा वर्षांहून जास्त. तीच गाडी, तोच पेट्रोलचा भाव, आणि उत्तरं इतकी वेगळी.

बॅटरी बदलण्याची भीती तू लिहिली आहेस. या वर्गातल्या गाड्यांना, मारुती, टोयोटा, होंडा तिन्हींच्या, हायब्रिड बॅटरीवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी आहे. बॅटरी कधी काठोकाठ भरत नाहीत की तळापर्यंत उतरवत नाहीत, म्हणून ती टिकते. पण गाडी बारा-पंधरा वर्षं ठेवणार असशील तर वॉरंटीनंतरचा हा खर्च तुझा आहे, तो हिशेबात धरायलाच हवा. शोरूममध्ये ‘हायब्रिड’ हा शब्द ऐकून हुरळूनही जाऊ नकोस. माइल्ड किंवा स्मार्ट म्हणतात त्या हायब्रिडमध्ये मोटर इंजिनाला हातभार लावते, एकटीने गाडी ओढत नाही. तू पाठवलेल्या आकड्यांतली २०.५८ वाली गाडी त्याच जातीची आहे. वर सांगितलेल्या बचतीचा मोठा भाग तिच्यात नाही.

सीएनजीचा पर्याय मी हलका मानत नाही. किलोमीटरमागे तो स्वस्त पडतो आणि गाडीही कमी पैशांत येते, फक्त डिकी जाते आणि पंपावरच्या रांगा सोसाव्या लागतात. पण सिग्नलला उभं राहून जाळायचा तो गॅस जळतच राहतो, फक्त भाव कमी लागतो. केवळ पैसा हीच कसोटी असेल तर सीएनजी घे, त्यात कमीपणा नाही. विजेची गाडी शहरात या सगळ्यांना मागे टाकते, पण ती घरी स्वतःची पार्किंगची जागा आणि चार्जिंगची सोय असेल त्यालाच परवडते. आपल्याकडच्या जुन्या चाळींत गाडी रस्त्याच्या कडेला लावायची, त्यात वायर कुठून आणणार? पुनर्विकासाच्या इमारतीत हक्काचं पार्किंग मिळणार असेल, तर तोपर्यंत थांबून मग विजेचीच घेणं जास्त शहाणपणाचं.

एक प्रश्न मात्र तू विचारलेला नाहीस, आणि सगळा निर्णय त्यावरच ठरणार आहे. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो कफ परेडपासून आरेपर्यंत पूर्ण सुरू झाली आहे. तुझं ऑफिस बीकेसीत, आणि आचार्य अत्रे चौकातून त्याच गाडीने तिथे जाता येतं. लोअर परळ आणि करी रोड ही दोन्ही स्टेशनं तर हाकेच्या अंतरावर आहेत. हायब्रिडचे पैसे वसूल होतात ते रोज गर्दीच्या वेळी गाडी काढणाऱ्याला. तू ऑफिसला मेट्रोने गेलास तर पेट्रोल कुठल्याही हायब्रिडपेक्षा जास्त वाचेल, पण मग गाडी फक्त रविवारी आणि गावाला जाताना निघेल, आणि त्या चालण्यात पावणेदोन लाख कधीच परत येणार नाहीत. तसं असेल तर साधी, लहान पेट्रोल गाडी पुरे. आईवडिलांना दवाखान्यात न्यायचं, मुलाला शाळेत सोडायचं, त्यातून रोज दोन-तीन फेऱ्या याच रस्त्यावर होणार असतील, तर हायब्रिड डोळे मिटून घे.

म्हणून बुकिंगचे पैसे भरायची घाई करू नकोस. पुढचे दोन महिने घरातल्या जुन्या गाडीचा हिशेब ठेव. टाकी ऑटो कटपर्यंत फुल कर, मीटरचा आकडा लिही, पुढच्या वेळी पुन्हा तशीच फुल कर आणि मधल्या किलोमीटरांना किती लिटर लागले ते मांड. डॅशबोर्डवरच्या ॲव्हरेजवर विसंबू नकोस, ते बऱ्याचदा जास्त दाखवतं. शहरातले किलोमीटर आणि बाहेरगावचे वेगळे लिही. ती वही घेऊन ये, मग शोरूमचं कोटेशन समोर ठेवून बसू. ताईला आणि भावजींना नमस्कार सांग.

तुझी,
मावशी