पोषणाचे वर्ष जूनपासून मोजा

एखाद्या सेवाभावी संस्थेत विभागीय पोषण कार्यक्रमाची जबाबदारी आपण नुकतीच स्वीकारली असेल, तर पहिल्याच आठवड्यात गावांची यादी, देणगीदाराशी झालेला करार आणि एप्रिल ते मार्च असा आखलेला कामाचा आराखडा आपल्या टेबलावर येतो. यातला आराखडा सर्वांत आधी बदलायला घ्या. आदिवासी भागातील कुपोषण आर्थिक वर्षाप्रमाणे चालत नाही. ते पाऊस, शेती आणि स्थलांतर यांच्या मागोमाग येते. पुढील टप्पे पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाडा भाग डोळ्यासमोर ठेवून लिहिले आहेत. मेळघाटात किंवा नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यात महिने आणि पिके बदलतील, कामाचा क्रम बहुतांशी हाच राहील.

१. आधी प्रदेशाचे वर्षचक्र कागदावर मांडा. दोन-तीन पाड्यांवरील बायकांसोबत बसून महिनावार चार गोष्टी विचारा: घरात धान्य किती, आई कुठे कामाला, मूल कोणाकडे, आजार कोणते. जव्हार-मोखाड्यात चित्र साधारण असे निघते. पावसाळ्यात भात, नागली, वरई. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर ‘जगायला’ जातात, होळीला काही दिवस घरी येतात आणि पुन्हा जातात. मे-जूनमध्ये परततात तेव्हा कणगी रिकामी असते. मग आई दिवसभर लावणीला, मूल आजीकडे किंवा सात-आठ वर्षांच्या बहिणीकडे, आणि त्यात जुलाब व ताप. जून ते सप्टेंबर हा काळ मुलांना सर्वांत जड जातो, म्हणून आपली माणसे, गाड्या आणि पैसा याच चार महिन्यांत सर्वाधिक असायला हवा.

२. सरकारी यंत्रणेत आपली जागा ठरवा. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. आज जवळपास प्रत्येक पाड्याच्या आवाक्यात अंगणवाडी आहे. सेविका, तिच्यावर बीट सांभाळणारी मुख्यसेविका आणि तालुक्याला बाल विकास प्रकल्प अधिकारी अशी ही साखळी. आरोग्याच्या बाजूने आशा, परिचारिका आणि प्राथमिक आरोग्य केंद्र. आदिवासी क्षेत्रात २०१५पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण मिळते. पुढे लहान मुलांचाही त्यात समावेश झाला. अशा ठिकाणी संस्थेने स्वतःचे वेगळे स्वयंपाकघर उभारू नये, असे माझे ठाम मत आहे. तीन वर्षांनी करार संपतो, स्वयंपाकघर बंद पडते आणि तोवर अंगणवाडीचा ताटाशी संबंध तुटलेला असतो. त्याऐवजी प्रकल्प अधिकाऱ्यांना भेटा, लेखी परवानगी घ्या, बीट बैठकीला नियमित हजर राहा आणि सेविकेला कुठे हात कमी पडतो ते तिलाच विचारा. बहुतेकदा उत्तर एकच येते: दूरच्या पाड्यांवरील गृहभेटी.

३. मोजणी बिनचूक करून घ्या. पुढचे सगळे निर्णय याच आकड्यांवर उभे राहतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दंडघेर, म्हणजे दंडाचा घेर मोजणारी पट्टी, ही सर्वांत सोपी पद्धत. डावा हात कोपरात काटकोनात वाकवून खांद्याच्या हाडाचे टोक आणि कोपराचे टोक यांच्या मधोमध पेनाने खूण करावी. मग हात सरळ खाली सोडू द्यावा. पट्टी त्वचेला टेकेल इतपतच ओढावी, मांस दाबले जाता कामा नये. आकडा मिलिमीटरपर्यंत वाचावा. दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर मूल तीव्र कुपोषित (कामकाजाच्या भाषेत सॅम) आणि ११.५ ते १२.५च्या आत असेल तर मध्यम तीव्र कुपोषित (मॅम). दोन्ही पावले अंगठ्याने तीन सेकंद दाबून पाहावीत. दोन्हींवर खळगा राहिला तर ती सूज कुपोषणाची असू शकते, आणि तसे मूल दंडघेर कितीही भरला तरी सॅमच धरायचे. उंचीच्या प्रमाणात वजनही पाहावे, कारण काही मुले एका मापात सुटतात आणि दुसऱ्यात सापडतात.

दर तिमाहीला दोन कार्यकर्त्यांकडून तीच दहा मुले स्वतंत्रपणे मोजून घ्या. आकड्यांत अर्ध्या सेंटिमीटरचा फरक येत असेल, तर प्रशिक्षण पुन्हा घेईपर्यंत त्या बीटची आकडेवारी वर पाठवू नये.

४. सापडलेल्या मुलाचा पुढचा मार्ग आधीच ठरलेला असावा. सॅम मुलाची भूक चाचणी घेतात: त्याला ऊर्जायुक्त आहार देऊन ते तो आवडीने खाते का ते पाहतात. खात असेल आणि ताप, धाप, सुस्ती, सूज यांपैकी काही नसेल, तर गावातच ग्राम बाल विकास केंद्रात उपचार होऊ शकतात. अन्यथा पोषण पुनर्वसन केंद्रात, म्हणजे रुग्णालयातील खास कक्षात, भरती करावी लागते.

खरी अडचण इथे येते. आई भरतीला नाही म्हणते आणि कार्यकर्ते ‘पालकांचा नकार’ अशी नोंद करून मोकळे होतात. अशी नोंद स्वीकारू नका. तिच्या मागे बहुधा अगदी ठोस कारण असते: घरी आणखी दोन मुले, बांधलेल्या शेळ्या, अर्धवट राहिलेली लावणी. भरतीच्या काळात आईला बुडीत मजुरी मिळते, पण ती हाती यायला वेळ लागतो. संस्थेच्या निधीतून गाडी, आईचे जेवण आणि मागे राहिलेल्या मुलांना सांभाळणाऱ्या बाईचे मानधन द्यावे. खर्च फार नाही, आणि संस्थेकडे असलेली लवचीकता खऱ्या अर्थाने कामी येते ती इथेच.

मूल ज्या मापाने दाखल झाले त्याच मापाने बरे ठरवावे. दंडघेराने दाखल झालेल्या मुलाला १२.५ सेंटिमीटरचा टप्पा गाठून तो किमान दोन आठवडे टिकवल्याशिवाय यादीतून काढू नये.

५. आहाराचा सल्ला चुलीजवळ द्यावा. सहा महिने फक्त आईचे दूध, त्यानंतर दुधासोबत वरचे अन्न, हे सर्वांना पाठ असते. चुकते ते घट्टपणात. नागलीची पातळ पेज बाळाचे इवलेसे पोट भरते, पण तिच्यातून ऊर्जा थोडीच मिळते. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज रोज सुमारे २०० किलोकॅलरी लागतात आणि एक ते दोन वर्षांच्या मुलाला सुमारे ५५०. म्हणून चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतके घट्ट शिजवावे, त्यात चमचाभर तेल, कुस्करलेली डाळ, असेल तेव्हा अंडे किंवा सुकटीची पूड घालावी. हे आईच्याच भांड्यात, तिच्याच धान्यावर करून दाखवावे. मोठे पोषण मेळावे मला फारसे उपयोगाचे वाटत नाहीत. ज्या आईला सल्ल्याची सर्वाधिक गरज असते, ती त्या दिवशी मजुरीला गेलेली असते.

६. स्थलांतराची तयारी दिवाळीआधी करा. प्रत्येक सॅम व मॅम मुलाच्या आईला शेवटचे माप, लसीकरण आणि सेविकेचा फोन क्रमांक लिहिलेले कार्ड द्यावे. कुटुंब कुठे चालले आहे ते मुकादमाकडूनही विचारून घ्यावे. भट्टीजवळच्या अंगणवाडीला ही नावे कळवावीत आणि तिथे एक कार्यकर्ता हंगामभर फिरता ठेवावा. कातकरी कुटुंबांकडे विशेष लक्ष द्यावे. ही जमात अतिअसुरक्षित आदिवासी गटांत मोडते आणि पूर्ण कुटुंबच निघून जात असल्याने गावच्या नोंदीतून सहज गळते.

७. निधीची बोलणी याच चक्राला धरून करा. २०१३च्या कंपनी कायद्यातील सामाजिक दायित्वाच्या कामांमध्ये भूक व कुपोषण निर्मूलनाचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे कंपन्या पैसे देतात. मात्र पहिला हप्ता अनेकदा पावसाळा निम्मा सरल्यावर येतो आणि अंतिम मूल्यमापन मार्चमध्ये ठरते. मार्चमध्ये सर्वाधिक गरजू मुले भट्टीवर असतात. गावात राहिलेल्यांना मोजून सुधारणा झाली असे लिहिणे म्हणजे देणगीदाराची आणि आपलीही फसवणूक. करारातच मेअखेरपर्यंतचा हप्ता आणि सप्टेंबरमधील मोजणी या दोन अटी घालून घ्या. वर्षचक्राचा तक्ता समोर ठेवला की बहुतेक अधिकारी ऐकतात.

८. माणसे पाड्यांवरूनच निवडा. वारली, कोकणा, कातकरी समाजातील, घरची बोली बोलणाऱ्या बायका गृहभेटीसाठी घ्याव्यात. त्यांचे मानधन महिन्याच्या ठरलेल्या तारखेलाच द्यावे. त्यांच्या रजा मार्च-एप्रिलमध्ये वळवाव्यात, पावसाळ्यात त्यांना रेनकोट आणि प्रवासखर्च आगाऊ द्यावा. आपण स्वतः जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्यातून किमान दोन दिवस पाड्यांवर असावे. घरी गेल्यावर कार्यकर्तीची नोंदवही लगेच मागू नका. आधी मुलाला काल सकाळपासून काय काय खायला मिळाले ते विचारा, आणि मगच तिच्या नोंदीशी ते ताडून पाहा.