ट्रॅक्टरची उतरलेली बॅटरी : परीक्षा, उपचार व निगा

मृगाचा पाऊस होऊन गेला आहे, उघडीप मिळून जमिनीस वाफसा आला आहे, शेजाऱ्याची पेरणी चालूं झाली आहे. आणि उन्हाळी नांगरट आटोपल्यापासून गोठ्याशेजारीं उभा असलेला आपला ट्रॅक्टर किल्ली फिरवितांच ‘टक्’ असा एकच आवाज करून गप्प बसतो. हा प्रसंग आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस नवा नसेल. अशा वेळीं कोणी घाईनें नवी बॅटरी आणून पैसे खर्ची घालतो, तर कोणी जुनीसच भलत्या रीतीनें वीज देऊन तिचा निकाल लावतो. प्रस्तुत लेखकाच्या हातून दोन्ही चुका घडल्या आहेत. हल्लींच्या बॅटऱ्या बहुधा बंद, म्हणजे पाणी घालण्याची बुचें नसलेल्या असतात. त्यामुळें जुने उपाय त्यांस लागू पडत नाहींत. कोणती बॅटरी वांचेल, कोणती नाहीं व उपचार कसा करावा, हें येथें क्रमानें सांगण्याचें योजिलें आहे.

बॅटरी उतरते म्हणजे काय होतें?

शिसें व गंधकाम्ल यांची ही बॅटरी १८५९ सालीं गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें प्रथम तयार केली. तिचें मूळ रसायन आजही तेंच आहे. बारा व्होल्टच्या पेटींत सहा घरें असून प्रत्येकांत सुमारें दोन व्होल्ट असतात. वीज खर्च होऊं लागली कीं धन व ऋण अशा दोन्ही पत्र्यांवर लेड सल्फेटचे बारीक कण बसतात आणि आम्ल पातळ होत जातें. चार्जरनें वीज परत दिली कीं ते कण विरतात व आम्लास पूर्वीचा जोर येतो. परंतु कण ताजे आहेत तोंवरच हें सुलभ असतें. रिकामी बॅटरी आठवडेच्या आठवडे पडून राहिली तर त्या कणांचे मोठे, कठीण स्फटिक बनतात आणि पत्र्याचा तेवढा भाग कामांतून जातो. तात्पर्य, बॅटरी कामानें जितकी झिजते त्याहून अधिक ती रिकामी पडून राहिल्यानें मरते.

आतां उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी उतरते कशी? हिशेब सोपा आहे. जीपीएस यंत्र, घड्याळ अगर दुसरें एखादें उपकरण मिळून ५० मिलिअँपिअर वीज ओढत असेल, तर दिवसास १.२ अँपिअर-तास व साठ दिवसांत ७२ अँपिअर-तास खर्च होतात. ऐंशी अँपिअर-तासांची बॅटरी एवढ्यानेंच बहुतेक रिकामी होते. शिवाय बॅटरी आपोआपही थोडी उतरत असते, व उष्णता दर दहा अंश सेल्सिअसनें वाढली कीं हें उतरणें सुमारें दुप्पट होतें. चैत्र-वैशाखांत पत्र्याच्या छपराखालीं काय होत असेल, तें सांगणें नलगे.

प्रथम परीक्षा

पेटी फुगली असेल, तडकली असेल अगर आम्ल झिरपत असेल, तर उपचाराचा विचारही करूं नये. पेटी धड असल्यास ट्रॅक्टरवरून उतरावी. सोडतांना ऋण तार प्रथम व जोडतांना शेवटीं, हा नियम पाळावा; म्हणजे पाना ट्रॅक्टरच्या अंगास लागला तरी ठिणगी उडत नाहीं. कांहीं तास विसावा देऊन मल्टिमीटर लावावा. १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे सुमारें निम्मी, ११.८ म्हणजे रिकामी. १०.५ च्या खालीं असेल तर ती फार खोल उतरली आहे. तरीही आशा सोडूं नये. किती खालीं गेली यापेक्षां किती दिवस तशी पडून होती, हें अधिक महत्त्वाचें आहे. तीन आठवड्यांची बरी होण्याचा संभव पुष्कळ, सहा महिन्यांची क्वचितच.

उपचाराची रीति

स्वयंचलित चार्जर पुष्कळदां अशा बॅटरीस ओळखतच नाहीं. व्होल्टेज फार कमी दिसल्यानें तो वीज देण्याचें नाकारतो. यावर युक्ति अशी : दुसरी चांगली बारा व्होल्टची बॅटरी घेऊन ऋणास ऋण जोडावें, व धनास धन जोडतांना मध्यें हेडलाइटचा ५५ वॅटचा एक दिवा घालावा. दिवा विजेचा लोंढा अडवून धरतो व उतरलेल्या बॅटरीस हळूहळू वीज मिळते. दिवा फार तापतो, सबब तो कडब्यापासून व वायरीपासून दूर ठेवावा. कांहीं तासांनीं व्होल्टेज अकराच्या वर आलें कीं ही जोडणी सोडून चार्जर लावावा.

वीज बॅटरीच्या शक्तीच्या विसाव्या हिश्शानें द्यावी. ऐंशी अँपिअर-तासांच्या बॅटरीस चार अँपिअर पुरेत. आरंभीं ती मुळींच वीज घेत नाहींशी दिसेल. स्फटिक विरूं लागले कीं ओढ वाढते, व भरत आली कीं पुन्हां घटते. यास एक दिवस अगर अधिकही लागतो. व्होल्टेजची मर्यादा पेटीवर छापलेली असते. ती नसल्यास १४.४ च्या वर जाऊं नये. २५ अंशांहून हवा अधिक उष्ण असेल तर दर अंशास सुमारें ०.०२ व्होल्ट कमी करावे. म्हणजे ४० अंशांवर १४.१ पुरे. याहून जास्त दिल्यास आंतील पाण्याचा वायु होऊन तो झडपेंतून निघून जातो, आणि बंद बॅटरींत तें पाणी परत घालतां येत नाहीं.

लेखकाची पहिली बॅटरी अशीच गेली. एका चार्जिंगच्या दुकानांत ती इतर बॅटऱ्यांच्या रांगेंत एकीपुढें एक जोडून रात्रभर ठेवली होती. अशा रांगेंत प्रत्येकीस वेगळी मर्यादा नसते. सकाळीं पेटी दोन्ही अंगांनीं फुगलेली मिळाली. दुसऱ्या वर्षीं तीन आठवडे रिकामी पडलेली बॅटरी वर सांगितलेल्या रीतीनें घरींच भरली. ती पुढें दोन हंगाम चालली.

काम मोकळ्या हवेंत करावें. बॅटरींतून निघणारा हायड्रोजन पेट घेतो, सबब जवळ विडी नको, ठिणगी नको. डोळ्यांस चष्मा असावा. पेटी हातास चटका बसण्याइतकी तापली अगर कुजक्या अंड्यासारखा वास आला, तर चार्जर भिंतीवरील बटणानें बंद करून दूर व्हावें. धक्का देऊन ट्रॅक्टर सुरू करून अल्टरनेटरकडून बॅटरी भरून घेण्याचा मोहही टाळावा. रिकाम्या बॅटरीची ओढ मोठी असते, व अल्टरनेटर त्या कामासाठीं केलेला नसतो.

बरी झाली कीं नाहीं?

भरल्यावर बारा तास विसावा द्यावा. १२.६ अगर अधिक टिकलें तर ठीक. १०.५ च्या आसपास येऊन थांबलें तर एक घर मेलें असें समजावें. त्यास उपाय नाहीं. मग ट्रॅक्टरवर चढवून किल्ली फिरवितांना मीटर पाहावा, सुमारें ९.६ च्या खालीं जातां कामा नये. एवढी परीक्षा उतरली तरी बॅटरी पूर्ववत् झाली असें मानूं नये. तिची धारणाशक्ति कांहींशी घटलेलीच असते. पेरणीसारख्या अडीच्या दिवशीं केवळ तिच्या भरंवशावर राहूं नये.

निगा

खरा उपाय उतरूं न देण्यांत आहे. ट्रॅक्टर पंधरा दिवसांहून अधिक उभा राहणार असेल तर पूर्ण भरून ऋण तार सोडून ठेवावी. महिन्यांतून एकदां मीटर लावावा, १२.४ दिसतांच भरावी. सावलींत ठेवावी. टोकांवर पांढरा-हिरवा खार चढल्यास खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें पुसून, कोरडें करून पेट्रोलियम जेली लावावी. पांच मिनिटें इंजिन चालवून बंद केल्यानें बॅटरी भरत नाहीं. उलट सुरू करण्यांत गेलेली वीजही पुरती परत मिळत नाहीं.

मेलेली बॅटरी शिशासाठीं घरीं फोडूं अगर वितळवूं नये. शिशाची धूळ व धूर विषारी असून मुलांस विशेष बाधतो, आणि आम्ल जमिनींत मुरतें. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणें जुनी बॅटरी गोळा करून तिचा पुनर्वापर करविण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. ती विक्रेत्याकडे परत द्यावी, मोबदलाही मिळतो.

बैलास काम नसलें म्हणून कोणी त्याची वैरण बंद करीत नाहीं. उभ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीसही तोच न्याय लावावा.